सदर मुलीबाबत

सगळा घोळ एका सफरचंदापासून सुरू झाला.

निवृत्त झाल्याच्या तिसऱ्या दिवशी अव्वल कारकुनांनी मोबाइलवर परकी भाषा शिकवणारं एक ॲप घेतलं. ॲप उघडताच चष्मा लावलेलं एक कासव आलं, त्याने मान डोलावली आणि एका लाल सफरचंदाकडे पाय दाखवून विचारलं, हे काय आहे?

"मला?" अव्वल कारकून उखडले. "एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळली मी! आणि हे मला सफरचंद ओळखायला सांगतंय?"

"मग ओळखा ना," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "येत नसेल तर मी सांगते."

त्यांना ऑफिसात सगळे नुसतं 'अव्वल' म्हणत. ते पदाचं नाव होतं, पण एकतीस वर्षं रोज कानावर पडल्यावर माणसाला ते आपलं वर्णन वाटायला लागतं. अव्वल कधी चुकत नसत. चुकत ते अर्जदार.

भाषा शिकायचं खूळ डोक्यात शिरलं ते मुलीपायी. एकुलती एक मुलगी परदेशात शिकायला गेली, तिथेच नोकरीला लागली आणि तिथल्याच एका मुलाशी तिने लग्न ठरवलं. मुलगा भला होता, अव्वलांची काही तक्रार नव्हती. त्यांनी लगेच रजेचा अर्ज लिहिला आणि रिवाजाप्रमाणे तो आवक-जावकमध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी तो अर्ज छाननीसाठी अव्वल कारकुनांच्या, म्हणजे त्यांच्याच टेबलावर आला. अर्जाला लग्नपत्रिकेची साक्षांकित प्रत जोडलेली नव्हती. पत्रिका मोबाइलवर आली होती, तिला साक्षांकित कोण करणार? अव्वलांनी क्षणभर विचार केला, आणि 'त्रुटीची पूर्तता करून फेरसादर करावा' असा शेरा मारून तो अर्ज अर्जदाराला, म्हणजे स्वतःलाच, परत पाठवला. (अर्जदार म्हणून ते भयंकर चिडले. पण अव्वल कारकून म्हणून त्यांना आपलंच म्हणणं पटलं.) त्रुटीची पूर्तता होईपर्यंत लग्न होऊन गेलं होतं.

लग्न त्यांनी मोबाइलवर पाहिलं. पहिल्या रांगेत दोन नव्याकोऱ्या लाकडी खुर्च्या रिकाम्या दिसत होत्या. व्याही सुतार होते. मुलीचे आईवडील येणार म्हणून त्यांनी त्या मुद्दाम स्वतः घडवल्या होत्या. नंतर अव्वलांनी फोनवर मुलीला रजेचा नियम समजावून सांगितला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "असू दे बाबा." त्या 'असू दे'ने अव्वलांची झोप उडाली. ती रडली असती, भांडली असती तर त्यांनी सहन केलं असतं. बायकोने तर महिनाभर त्यांच्याशी फक्त मीठ-मिरचीपुरतं बोलणं ठेवलं होतं.

म्हणून आता निवृत्त झाल्यावर दोघं तिकडे जाणार होती. आणि अव्वलांनी मनाशी पक्कं केलं होतं की व्याह्यांना आपण आपल्या तोंडाने, त्यांच्या भाषेत सांगायचं: लग्नाला आलो नाही, चुकलं, आमची पोर तुमच्या घरात आहे, तिला जपा. बस, एवढंच. पण ते मुलीने समजावून सांगायचं नाही आणि मोबाइलने बोलून दाखवायचं नाही. आपण सांगायचं.

आता एवढंच सांगायचं तर सफरचंदापासून सुरुवात करून पंधरा दिवसांत जमलं असतं. पण अव्वलांना ॲपमध्ये आणखी एक सोय सापडली. 'तुमच्या आवडीचा मजकूर द्या, आम्ही त्याचे धडे करू.' अव्वलांच्या आवडीचा मजकूर त्यांच्याकडे तयार होता. निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी त्यांना शाल दिली होती आणि त्यांनी ऑफिसकडून स्वतःसाठी मागून घेतला होता तो स्वतः तयार केलेल्या पत्रांच्या नमुन्यांचा पेनड्राइव्ह. स्मरणपत्रं, खुलासे, नोटिसा, पोचपावत्या, नामंजुरीची पत्रं, मिळून साडेचारशे. सगळी त्यांनी कासवाच्या पुढ्यात ओतली.

कासव बिचारं दोन मिनिटं गरगर फिरत राहिलं. मग त्याने साडेचारशे धडे तयार केले.

"बघ!" अव्वल बायकोला म्हणाले. "ही खरी भाषा. मला प्रत्येक वाक्याचा अर्थ आधीच पाठ आहे. फक्त त्यांचे शब्द बसवायचे. अर्धं काम झालंच म्हणायचं!"

आणि खरंच, त्यांची प्रगती बघण्यासारखी होती. सकाळी दाढी करताना आरशात बघून ते स्वतःला नोटीस बजावत. दुपारी गॅलरीत येरझारा घालत खुलासा मागवत. तिसऱ्या महिन्यात कासवाने त्यांच्या उच्चाराला शंभरपैकी ब्याण्णव गुण दिले आणि डोक्यावर एक टोपी घालून नाच केला.

बायकोही शिकत होती, पण तिचं आपलं सफरचंदच चाललं होतं. स्वयंपाकघरात ओट्यावर मोबाइल टेकवून ती कासवाबरोबर म्हणायची, दूध, पाणी, मीठ, गरम, पुरे, बस इथे, दुखतंय का, ये. तिला उच्चाराला अडतीस गुण पडत. अव्वल तिची कीव करत.

"अगं, एवढ्यावर तू तिथे बोलणार काय?"

"तुम्ही बोला की," ती म्हणायची. "मी बसेन बाजूला."

जायचा दिवस आला. मुलीचा फोन आला. ती एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि नेमका तिचा नवरा त्या दिवशी परगावी होता. "बाबा, माझी ड्यूटी पाचला सुटते. तुम्ही विमानतळावर बसून राहा, मी तिथेच येते."

"कशाला?" अव्वल म्हणाले. "आम्ही सरळ घरी जातो. तू येशील तेव्हा आम्ही आणि तुझे सासरे गप्पा मारत बसलेलो असू."

"बाबा, त्यांना आपली भाषा येत नाही."

"मला त्यांची येते," असं म्हणून अव्वलांनी फोन ठेवला. हे वाक्य म्हणायला ते दहा महिने थांबले होते.

विमानतळावरच्या तपासणीच्या खिडकीत एक झोपाळू अधिकारी बसला होता. त्याने हात पुढे करून काहीतरी विचारलं. अव्वल ताठ उभे राहिले, घसा खाकरला आणि अस्खलित बोलले. (बोलले अर्थात तिथल्या भाषेत. आपल्या सोयीसाठी ते इथे आपल्या भाषेत दिलंय, आणि त्यात एका शब्दाचीही भर घातलेली नाही.)

"सदर इसम व त्याची पत्नी हे कौटुंबिक कारणास्तव आपल्या हद्दीत दाखल झाले असून, सोबत जोडलेली कागदपत्रे तपासून विनाविलंब योग्य ती कार्यवाही करावी, ही विनंती."

अधिकाऱ्याची झोप उडाली. त्याने पासपोर्टकडे पाहिलं, अव्वलांकडे पाहिलं, कॉफीचा कप टेबलाखाली सरकवला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि दोन्ही पासपोर्टवर सरळ रेषेत शिक्के मारले. परत देताना तर तो चक्क उभा राहिला.

"एवढं काय बोललात हो?" बायकोने विचारलं.

"काही नाही. नमस्कार म्हटलं."

बाहेर आल्यावर टॅक्सीवाल्याच्या हातात पत्त्याचा कागद देऊन अव्वल म्हणाले, "वाहनचालकास कळविण्यात येते की, सोबतच्या पत्त्यावर नियमानुसार पोहोचवावे. हयगय झाल्यास त्याची जबाबदारी आपली राहील." टॅक्सीवाल्याने रेडिओ बंद केला, पट्टा बांधला आणि रस्ताभर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून अशी गाडी चालवली की मागून येणाऱ्या सायकली पुढे निघून गेल्या. अव्वल मागे रेलून बसले. आयुष्यात पहिल्यांदाच लोक त्यांच्या तोंडी शब्दाला मान देत होते. ऑफिसात त्यासाठी तीन स्मरणपत्रं लागायची.

घराचं दार विहीणबाईंनी उघडलं. गोल चेहऱ्याच्या, हसऱ्या बाई, गळ्यात शिवणाची टेप तशीच लटकत होती. त्यांनी अव्वलांच्या बायकोकडे पाहिलं. बायकोने सगळा धीर एकवटून छातीवर हात ठेवला आणि अडतीस गुणांच्या उच्चारात म्हटलं, "मी आई."

विहीणबाईंनीही छातीवर हात ठेवला. "मी आई." आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

'झालं,' अव्वल मनात म्हणाले, 'हिचा साठा संपला. आता मलाच सांभाळून घ्यायला हवं.'

मागून व्याही आले. उंच, हडकुळे, भुवयांत लाकडाचा भुसा अडकलेला. गृहस्थ मुळात अबोल. त्यांनी अव्वलांचा हात हातात घेऊन घट्ट दाबला आणि खोलीच्या मधोमध ठेवलेल्या दोन खुर्च्यांकडे नेलं. अव्वलांनी त्या लगेच ओळखल्या. लग्नात रिकाम्या राहिलेल्या त्याच. एकीवर एक लठ्ठ करडी मांजर झोपली होती. व्याह्यांनी तिला उचलून खाली ठेवलं, तेव्हा नवीन बदलीवर आलेल्या माणसाकडे जुना शिपाई बघतो तसं तिने अव्वलांकडे पाहिलं.

अव्वलांना भरून आलं. खुर्ची किती सुंदर आहे ते सांगावं म्हणून त्यांनी तिच्या पाठीवरून, पायांवरून हात फिरवला आणि डोक्यातले साडेचारशे धडे धुंडाळले. 'सुंदर' कुठे सापडेना. "सदर खुर्च्यांची पाहणी केली असता," ते म्हणाले, "त्या नियमानुसार मजबूत असल्याचे आढळून आले."

व्याह्यांचं हसू जरा आखडलं. त्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाई किटली घेऊन आल्या आणि त्यांनी भुवया उंचावून विचारलं, चहा?

"आपला प्रस्ताव प्राप्त झाला असून तो विचाराधीन आहे."

विहीणबाई किटली धरून उभ्या राहिल्या. अव्वल प्रसन्नपणे त्यांच्याकडे बघत राहिले.

"अहो, घ्या की!" बायको कुजबुजली. "किती वेळ ताटकळवताय त्यांना? हात भाजेल!"

"मंजूर," अव्वल म्हणाले. साखर? "अंशतः मंजूर."

चहा झाल्यावर व्याह्यांनी घर दाखवायला नेलं. मुलीची खोली दाखवली. खिडकीशी टेबल, टेबलावर तिची पुस्तकं, आणि भिंतीवर एका लाकडी चौकटीत अव्वलांचा आणि बायकोचा फोटो. चौकट हाताने कोरलेली दिसत होती. 'पोरीला किती प्रेमाने ठेवलंय हो तुम्ही,' असं त्यांना म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "सदर खोलीत कोणतीही त्रुटी आढळून आली नाही."

व्याह्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि घाईघाईने दार ओढून घेतलं.

मग मागचं अंगण. तिथे लाकडी फळ्या आणि पत्रे घालून उभारलेली एक ऐसपैस शेड होती. हीच व्याह्यांची कार्यशाळा. आत रंधे, पटाशा, करवती ओळीने टांगलेल्या, अर्धवट झालेला एक पाळणा, आणि सगळीकडे ताज्या लाकडाचा वास. 'हे सगळं तुम्ही एकट्याने बांधलंत? कमाल आहे!' असं काहीतरी म्हणावं असं अव्वलांना वाटलं. याच्या अगदी जवळचं वाक्य त्यांना धडा क्रमांक दोनशे सतरामध्ये तोंडपाठ होतं.

"सदर बांधकाम आपण स्वतः व कोणाच्या परवानगीने केले आहे, याचा तात्काळ खुलासा करावा."

व्याह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. दोन वाक्यांच्या पलीकडे कधी न बोलणारा तो माणूस हातवारे करत घडाघडा बोलायला लागला. पत्र्यांकडे बोट, शेजारच्या कुंपणाकडे बोट, मग स्वतःच्या छातीवर हात. अव्वलांना त्यातला एकही शब्द कळला नाही. साडेचारशे पत्रांत कोणी असं बोललंच नव्हतं. पण माणूस मोकळा होतोय याचा त्यांना आनंद झाला. त्यांनी व्याह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि जिव्हाळ्याने म्हणाले, "आपल्या खुलाशाची नोंद घेण्यात आली असून तो दप्तरी ठेवण्यात येत आहे."

म्हणजे, लक्षात ठेवीन हं.

घरात परत आल्यावर त्यांनी विहीणबाईंकडे मोर्चा वळवला. मुलीची चौकशी करायला हवी होती. "सदर मुलीस येथे काही गैरसोय आहे काय, याबाबत वस्तुस्थितीदर्शक माहिती सादर करावी." विहीणबाई गोंधळल्या. मग अव्वलांना वाटलं, सुट्टीत कधीतरी दोघांना आमच्याकडे पाठवा, हेही सांगून टाकावं. "सदर मुलगी आमच्याकडे परत पाठविण्याबाबत आपले अभिप्राय कळवावेत."

विहीणबाईंनी हातातली बशी खाली ठेवली. त्या पदर नसल्यामुळे शिवणाची टेपच डोळ्यांना लावून स्वयंपाकघरात गेल्या. अव्वलांची बायको त्यांच्यामागे धावली.

'भारावल्या बिचाऱ्या,' अव्वल समाधानाने मनात म्हणाले. मुख्य वाक्य त्यांनी राखून ठेवलं होतं. ते मुलीच्या देखत बोलायचं होतं. प्रवासाने अंग आंबलं होतं. त्यांनी खुर्चीवरून मांजरीला दुसऱ्यांदा उठवलं आणि बसल्या बसल्या डोळा लागला.

जाग आली ती ठोकाठोकीने. मागे जाऊन बघतात तो व्याही शिडीवर चढून शेडचे पत्रे उतरवत होते. 'काय कामसू माणूस!' अव्वलांना कौतुक वाटलं. पाहुणा म्हणून नुसतं बसून राहणं बरं दिसेना, म्हणून त्यांनी पुढे होऊन शिडी धरली. "कार्यवाही चालू ठेवावी," ते प्रोत्साहन देत म्हणाले. व्याह्यांनी दीनवाण्या नजरेने खाली पाहिलं आणि आणखी जोरात खिळे उपटायला सुरुवात केली.

तेवढ्यात मुलगी आली. अंगणाच्या दारातच तिची पर्स हातातून गळली.

"बाबा! हे काय चाललंय?"

"ये ये! आमचं छान जमलंय बघ."

मुलगी सासऱ्यांशी भराभर बोलली. सासरे शिडीवरूनच काकुळतीला येऊन काहीतरी म्हणाले. मुलगी वळली. तिचा चेहरा बघून अव्वलांनी शिडी सोडली आणि पुन्हा धरली.

"बाबा, ते म्हणतायत, 'साहेबांना सांग, अंधार व्हायच्या आत शेड उतरवतो. पण तुला परत नेऊ नका म्हणावं.'"

"साहेब? कोण साहेब?"

"तुम्ही! तुम्ही त्यांना नक्की काय म्हणालात?"

अव्वलांनी धडा दोनशे सतरा खणखणीत म्हणून दाखवला. वरती शिडीवर व्याह्यांनी दोन्ही कान झाकले. मुलगी मटकन पायरीवर बसली. ती हसतेय की रडतेय, ते अव्वलांना कळेना. (तिलाही कळत नव्हतं.)

"बाबा, ही भाषा इथे कोणी बोलत नाही. ही इथे फक्त सरकारी पाकिटातून येते. आणि ते पाकीट फोडताना घरात सगळे चिडीचूप असतात. त्यांना वाटलं, तुम्ही सरकारी माणूस आहात आणि माझ्या सासरची तपासणी करायला आलात. आधी शेड जाणार, मग मी! कुणी शिकवलं तुम्हाला हे?"

"कासवाने," अव्वल पुटपुटले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज जावक रजिस्टरइतकाही जाड निघाला नाही.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "मी पहिल्या दिवसापासून सांगतेय, सफरचंदापासून सुरू करा. त्या बाई रडत होत्या. मी म्हटलं, दुखतंय का? त्या हो म्हणाल्या. मी म्हटलं, बस इथे. पाणी दिलं. आता त्या मला शिवणयंत्र दाखवतायत."

"एवढ्या शब्दांत?"

"एवढेच लागले."

व्याह्यांना मुलीने समजूत घालून खाली उतरवलं. पण नुसतं 'बाबांबद्दल गैरसमज करून घेऊ नका' म्हणून भागेना. जेवायला बसल्यावर व्याही अव्वलांपुढे भांडं सरकवताना अजूनही दोन्ही हात वापरत होते. विहीणबाई मुलीला अगदी चिकटून बसल्या होत्या.

"बाबा, तुम्हाला जे म्हणायचंय ते मला सांगा," मुलगी हळूच म्हणाली. "मी त्यांना सांगते."

अव्वलांनी मान हलवली. "नको. लग्नाला यायचं होतं ते माझं मीच अडवलं. आता हेही दुसऱ्याकडून वदवून घेतलं तर मी आलो कशाला?"

त्यांनी टेबलाखाली मोबाइल धरून कासवाला विचारलं, माझ्या धड्यांत 'माया' हा शब्द आहे का? नाही. 'जीव'? नाही. 'लाडकी'? कासवाने खेदाने मान आत ओढून घेतली. एकतीस वर्षांच्या जावक पत्रांतून यातला एकही शब्द कधी बाहेर गेला नव्हता. अव्वलांना स्वतःची लाज वाटली, आणि मग त्यांनी विचार केला की जे आहे त्यातच भागवायचं. ते उभे राहिले.

"विषय," ते म्हणाले, "सदर मुलगी."

व्याह्यांनी चमचा खाली ठेवला.

"सदर मुलगी ही आमच्याकडील एकमेव मूळ प्रत आहे. तिची दुसरी प्रत काढण्यात आलेली नाही." "तिच्या विवाहप्रसंगी हजर राहणे आवश्यक असताना आम्ही गैरहजर राहिलो. ही चूक सर्वस्वी निम्नस्वाक्षरीकाराची आहे. त्याबाबत कोणताही खुलासा नाही."

मुलीने तोंडावर हात धरला होता.

"सदर मूळ प्रत आता आपल्या स्वाधीन आहे. ती ओल, ऊन व धूळ यांपासून जपण्यात यावी, ही विनंती."

'ही विनंती' हे शब्द अव्वलांनी आयुष्यात हजारो पत्रांखाली लिहिले होते. पण विनंती त्यांनी पहिल्यांदाच केली, आणि त्यांचा आवाज फाटला. ते खाली बसले. खुर्चीवर मांजर होती. ते पुन्हा उठले.

व्याही सावकाश उभे राहिले. नोटिसा त्यांनाही आयुष्यात पुष्कळ आल्या होत्या. त्यांतला एक शब्द त्यांनी नेमका निवडला.

"मंजूर," ते म्हणाले, आणि टेबलाला वळसा घालून येऊन त्यांनी अव्वलांना मिठी मारली. कोटभर भुसा लागला. मुलगी उठून मधे शिरली आणि बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "बाबा, आता खरंच असू दे." हे 'असू दे' वेगळं होतं. ते अव्वलांना बरोबर कळलं.

मग व्याह्यांनी काहीतरी विचारलं. "ते विचारतायत," मुलगी डोळे पुसत म्हणाली, "पत्रे परत चढवले तर चालतील का?"

"हरकत नाही," अव्वल म्हणाले. सगळे हसले, आणि हसण्याने त्यांचा गेलेला आत्मविश्वास क्षणात परत आला. इतका परत आला की सवयीने त्यांनी पुढचंही वाक्य जोडून टाकलं, "तसेच याबाबतचा अहवाल दरमहा सादर करावा."

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून पत्रे चढवले. (अव्वलांनी शिडी धरली. त्यांना बोलायला मनाई होती.) पंधरा दिवस मजेत गेले. बायकोने विहीणबाईंबरोबर चार पडदे शिवले आणि बाजारात जाऊन घासाघीस केली.

परत आल्यावर महिन्याच्या पहिल्या तारखेला मोबाइलवर एक फोटो आला. जाड कागद, सुताराची पेन्सिल, वर ठळक अक्षरांत 'अहवाल'. अव्वल आनंदाने वेडे झाले. चष्मा लावून ते बायकोला अर्थ सांगत वाचू लागले.

"ऐक. 'विषय: सदर मुलगी. सदर मूळ प्रत सुस्थितीत आहे. ओल, ऊन व धूळ नाही. काल तिने पाळण्याला रंग दिला. तो पाळणा कोणासाठी आहे, याबाबतची माहिती यथावकाश कळविण्यात येईल.'"

बायको हातातलं काम टाकून उठली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अव्वलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि ते मोबाइल खिशात टाकायला लागले.

"थांबा," बायको म्हणाली. "शेवटचा परिच्छेद राहिला."

"तो तांत्रिक आहे. तुला नाही कळायचा."

"मला विहीणबाईंनी सकाळीच फोनवर वाचून दाखवलाय," बायको म्हणाली, आणि तिने तो त्यांच्या भाषेत धडाधड म्हणून दाखवला. ओट्यावरच्या कासवाने तिला पंच्याण्णव गुण दिले आणि टोपी घालून नाच केला.

परिच्छेद असा होता: 'सदर मुलीच्या आईची खुर्ची रिकामी आहे. तरी त्यांना तात्काळ पाठविण्यात यावे. दुसऱ्या खुर्चीवर तूर्तास मांजर काम पाहत असून, तिच्याबाबत कोणाचीही तक्रार नाही.'